चाइल्ड प्रोसेस मध्येच अडकतो? या चुका टाळा

देवगडला एका बागायतदार काकांसाठी वजनकाट्याचा प्रोग्राम केला होता पायथनमध्ये. मेन प्रोग्राम बिल बनवणार आणि काट्याचं वजन वाचायला वेगळा चाइल्ड प्रोसेस (मेन प्रोग्रामने, म्हणजे पॅरेंटने, सुरू केलेला दुसरा प्रोग्राम), मध्ये डेटा न्यायला पाइप. घरी शंभरेक वजनं टेस्ट केली, एकदम ओके. एप्रिलमध्ये हापूस भरात आला आणि भर दुपारी स्क्रीन जी थांबली ती थांबलीच, एरर नाही काही नाही, बाहेर वाशीला जाणारा टेम्पो उभा आणि काका माझ्या तोंडाकडे बघतायत. फार वाईट वाटलं त्या दिवशी.

झालं काय, तर चाइल्ड प्रत्येक वजनाला साधारण 80 बाइटची डीबग ओळ स्टडएररवर (एररचे मेसेज जातात ते वेगळं आउटपुट) टाकत होता, मी त्यालाही पाइप लावला होता पण वाचत कुठेच नव्हतो. लिनक्सवर पाइपमध्ये डिफॉल्ट 65,536 बाइट मावतात, म्हणजे 800 च्या वर ओळी गेल्या की फुल, आणि फुल झाला की लिहिणारा तिथेच अडकतो. चाइल्ड पाइप रिकामा व्हायची वाट बघतोय, पॅरेंट वजनाची. म्हणून जो पाइप उघडाल तो वाचा, नाहीतर स्टडएरर सरळ फाइलमध्ये सोडा. चाइल्ड एकदाच चालून संपणारा असेल तर पाइप लावून नुसतं वेट करू नका, पायथनच्या सबप्रोसेसमधलं कम्युनिकेट वापरा, ते आउटपुट आणि स्टडएरर दोन्ही पाइप वाचत राहतं.

दुसरी चूक बफरची, म्हणजे आउटपुट पाठवण्याआधी जिथे साठतं त्या मेमरीची. टर्मिनलवर प्रिंट लगेच दिसतं, पाइप लावला की काहीच येत नाही, कारण टर्मिनलवर ओळीगणिक आउटपुट सुटतं आणि पाइपवर बफर भरल्यावर. चाइल्डमध्ये प्रत्येक प्रिंटला फ्लश द्या (म्हणजे साठलेलं लगेच बाहेर जातं) किंवा पायथन मायनस यू लावून चालवा.

एक रीड म्हणजे एक मेसेज असंही धरू नका. पाइप म्हणजे नुसता बाइटचा ओघ, 18.450 हे वजन कधी "18.4" आणि मग "50" असं तुटून येतं आणि बिलात किलोचा घोळ होतो, शेतकऱ्याचे पैसे आहेत ते! मेसेज ओळीने संपवा आणि रीडलाइनने वाचा, बायनरी डेटा असेल तर आधी लांबी पाठवा.

फोर्क (चालू प्रोसेसची प्रत काढून चाइल्ड बनवणं) स्वतः करत असाल तर पाइपची न लागणारी टोकं दोन्हीकडे बंद करा, लिहायचं एक टोक जरी उघडं राहिलं तरी वाचणाऱ्याला एंड ऑफ फाइल, म्हणजे डेटा संपल्याची खूण, मिळत नाही.

आणि रीडलाइनमधून पूर्ण रिकामी स्ट्रिंग आली तर ती कोरी ओळ नव्हे, समोरचं टोक बंद झालंय, बहुतेक वेळा चाइल्डच गेलेला असतो. तेव्हा वेट करून रिटर्न कोड लॉगमध्ये लिहा, मायनस 11 असेल तर सेगफॉल्ट (चुकीच्या मेमरीला हात लावल्याने क्रॅश), मायनस 9 असेल तर कोणीतरी किल केलाय, मेमरी संपली की लिनक्सही तसं करतं, मग आधी मेमरी किती उरली होती ते बघा.