पडवीचा नक्षीदार खांब बदलताना
आमच्या राजापूरकडे पडवीचा खांब कुजतो तो बहुतेक वेळा खालून, तळखड्याजवळ, म्हणजे खांबाखालच्या दगडी बैठकीजवळ. पागोळ्यांचं पाणी तिथेच उडतं. आधी टोचा खुपसून बघा. वीतभरच भुसभुशीत लागलं तर खांब फेकू नका. मी तेवढा तुकडा कापून सागाचा जोड देतो. जुन्या हाताचं कोरीवकाम पुन्हा मिळत नाही.

पूर्ण बदलायचाच असेल तर पाऊस सरल्यावर, आणि एका वेळी एकच. त्या खणाची, म्हणजे खांबांमधल्या गाळ्याची, कौलं उतरवा. खांबाच्या दोन्ही बाजूंना तुळईखाली जाड टेकू द्या, टेकूखाली स्क्रू जॅक, जॅकखाली रुंद फळी. पाव-पाव फेरा, दोन्हीकडे सारखा. खांब हाताने हलला की थांबा. जास्त उचललं तर सांधे उकलतात, भिंतीला तडे जातात. उंची प्रत्येक खांबाची वेगळी मोजा.

लाकूड मुरलेलं, सागाच्या गाभ्याचंच घ्या. कडेच्या पांढरट भागाला वाळवी आधी लागते. खालच्या छेदाला जवसाचं तेल पिईल तेवढं पाजा. नवा खांब उभा केला की ओळंबा लावून तो सरळ आहे का ते दोन बाजूंनी बघा, मगच जॅक हळूहळू उतरवा. आणि बुंध्याभोवती सिमेंट मुळीच थापू नका, पाणी आत कोंडतं.