परदेशातील इंग्रजी शिकवण्याची नोकरी मुदतीआधी सोडताना

कोल्हापुरातून बी.एड. करून व्हिएतनाम, चीन किंवा आखातात इंग्रजी शिकवायला गेलेल्या मुलामुलींचे मला अधूनमधून फोन येतात आणि बहुतेकांचा प्रश्न एकच असतो: करार संपायला अजून सहा-आठ महिने आहेत, पण आता इथे राहवत नाही, तर काय करावे? कोणाच्या घरी आजारपण असते, कोणाचा पगार दर महिन्याला लांबतो, तर कोणाला करारात आठवड्याला वीस तास लिहिलेले असताना तीस तास घ्यावे लागतात. अशा वेळी नोकरी सोडण्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. मात्र कोणाला न सांगता रातोरात बॅग भरून विमान गाठू नये, कारण त्यामुळे पगाराची बाकी अडकते, व्हिसाचा घोळ मागे राहतो आणि पुढच्या शाळेला दाखवायला अनुभव प्रमाणपत्र मिळत नाही.

पहिले काम म्हणजे करार पुन्हा वाचणे. सूचना कालावधी (नोटीस पिरियड), परतीच्या तिकिटाचा खर्च, निवासाची अनामत आणि मुदतीआधी सोडल्यास होणारी वसुली या चार कलमांखाली पेन्सिलने रेघ ओढावी. त्यानंतर त्या देशाचा कामगार कायदा पाहावा, कारण नोकरी देणाऱ्याने करारात लिहिलेली प्रत्येक गोष्ट कायद्यात बसतेच असे नाही. व्हिएतनाममध्ये २०१९ चा कामगार कायदा १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे. त्यानुसार १२ ते ३६ महिन्यांच्या करारात ३० दिवसांची सूचना देऊन नोकरी सोडता येते, आणि पगार वेळेवर किंवा पूर्ण मिळत नसेल तर तेवढीही सूचना द्यावी लागत नाही. परंतु असे कारण नसताना सूचना न देता निघून गेल्यास अर्ध्या महिन्याचा पगार आणि न दिलेल्या सूचनेच्या दिवसांचा पगार आपल्याकडून भरून घेता येतो. चीनमध्ये ३० दिवसांची लेखी सूचना पुरते, परिवीक्षा (प्रोबेशन) काळात तर तीनच दिवसांची. संयुक्त अरब अमिरातीत खासगी नोकरीसाठी करारानुसार ३० ते ९० दिवसांची सूचना लागते; परिवीक्षेत असताना देश सोडून जायचे असेल तर १४ दिवसांची. तिथे एक वर्ष पूर्ण झाले की सेवासमाप्तीची रक्कम मिळण्याचा हक्क लागू होतो. त्यामुळे अकराव्या महिन्यात राजीनामा लिहिणाऱ्याने, प्रकृतीचा किंवा सुरक्षिततेचा प्रश्न नसेल तर, आणखी काही आठवडे थांबावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

राजीनामा कसा द्यावा, हे मी माझ्या चुकीतून शिकले. व्हिएतनाममधल्या एका भाषा केंद्रात माझा दोन वर्षांचा करार होता आणि दहाव्या महिन्यात मी राजीनाम्याचे पत्र व्यवस्थापिकेच्या हातात दिले. त्यांनी ते हसून घेतले, टेबलाच्या खणात ठेवले, आणि तीन आठवड्यांनी असे कोणते पत्र आपल्याला मिळालेच नाही, असे सांगितले. माझ्या वडिलांची सारी नोकरी आवक-जावक टेबलावर गेली होती. फोनवर त्यांनी मला एवढेच विचारले, “कागद दिलास, पण पोच घेतलीस काय?” मी पोच घेतली नव्हती, म्हणून तीस दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजावे लागले. दुसऱ्या वेळी मी पत्राच्या दोन प्रती नेल्या, एकीवर केंद्राचा लाल गोल शिक्का, सही आणि तारीख घेतली, तिथेच उभे राहून तिचा फोटो काढला आणि तो त्याच दिवशी ईमेलने केंद्राला पाठवला. पत्रात तक्रारींचा पाढा वाचू नये. राजीनाम्याची तारीख, कामाचा शेवटचा दिवस आणि देय रकमांची मागणी एवढेच लिहावे. थकलेल्या पगारामुळेच नोकरी सोडत असाल तर मात्र ते कारण महिन्यांसह नोंदवावे, कारण पुढे तोच आपला आधार ठरतो.

त्या केंद्राने माझे शिवाजी विद्यापीठाचे मूळ पदवी प्रमाणपत्र “सुरक्षिततेसाठी” ठेवून घेतले होते. व्हिएतनामच्या कायद्यात कर्मचाऱ्याची मूळ ओळखपत्रे आणि प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्यास मनाई आहे, हे मला फार उशिरा कळले. शक्य असेल तर राजीनाम्याचा विषय काढण्यापूर्वीच, दुसऱ्या कामासाठी लागतात असे सांगून, मूळ कागद ताब्यात घ्यावेत. पासपोर्टच्या बाबतीत तर संकोच करूच नये. भारताच्या १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार पासपोर्ट ही केंद्र सरकारची मालमत्ता असते. तो परत मिळत नसेल तर भारतीय दूतावासाकडे लेखी तक्रार करावी आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवरही ती नोंदवावी. ही नोंद घरचे लोक कोल्हापुरात बसूनही करू शकतात.

तिकिटाची घाई करू नये. आपला राहण्याचा परवाना बहुधा त्याच नोकरीशी बांधलेला असतो, म्हणून तो कोणत्या तारखेला रद्द होणार आणि त्यानंतर देशात किती दिवस राहता येईल, हे संस्थेकडून लेखी घ्यावे आणि इमिग्रेशन कार्यालयातही विचारून घ्यावे. त्याच देशात दुसरी शाळा धरायची असेल तर जुन्या संस्थेचे कार्यमुक्तीचे पत्र हवेच. चीनमध्ये त्याशिवाय नवा कामाचा परवाना मिळणे फार अवघड जाते. अमिरातीत बँकेचे कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची बाकी असेल तर ती आधी मिटवावी, नाहीतर प्रवासबंदीचा आदेश निघू शकतो.

निघण्यापूर्वी पगाराच्या पावत्या, कर भरल्याचा दाखला, अनुभव प्रमाणपत्राची इंग्रजी प्रत आणि त्या देशाच्या पोलिसांचा चारित्र्य दाखला घ्यावा. हा शेवटचा दाखला इथे परत आल्यावर मागवायचा म्हटले की महिने जातात. आपल्याकडे शाळा जूनच्या मध्यात सुरू होतात आणि मुलाखती एप्रिल-मेमध्ये होतात, त्यामुळे निवड हातात असेल तर सूचनेचे दिवस मार्चअखेर संपतील असे पाहावे. कायमचे परत आल्यावर एनआरई खाते (परदेशातल्या कमाईसाठी अनिवासी भारतीयांचे भारतातले बँक खाते) तसेच चालू ठेवता येत नाही, म्हणून पहिल्याच आठवड्यात बँकेत जाऊन ते निवासी खात्यात बदलून घ्यावे आणि त्या अर्जाचीही पोच घ्यावी.