इंजिन गरम झालं की स्टार्टर फिरत नाही: जुन्या कॅम्पर व्हॅनचा माझा अनुभव
व्हॅन १९७३ची, इंजिन मागे. सकाळी एका चावीत सुरू. तासभर चालवून थांबलो की नुसतं 'टक्'. अर्ध्या तासाने आपोआप ठीक. बॅटरी बदलली, अर्थिंग घासलं, नवा स्टार्टरही बसवला. वैतागलो.

दोष वायरीत निघाला. पुढच्या चावीपासून मागच्या सोलेनॉइडपर्यंत (स्टार्टर चालू करणारा चुंबकी स्विच) येईतो व्होल्टेज गळतं. चावी फिरवून मोजलं: बॅटरीवर ११ व्होल्ट, सोलेनॉइडच्या टर्मिनल ५०वर (चावीची वायर जिथे लागते) जेमतेम ८.

उपाय: मध्ये रिले बसवा, म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच. आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा. स्टार्टरच्या जाड वायरीला फ्यूज नसतो! मग ५०वरची वायर काढून ४० अँपिअरच्या रिलेच्या ८६ नंबरच्या पिनला लावा. ८५ बॉडीला अर्थ. स्टार्टरच्या बॅटरीकडच्या बोल्टवरून ३० अँपिअर फ्यूज घालून रिलेच्या पिन ३०ला जाड वायर. ८७वरून तशीच वायर सोलेनॉइडच्या ५०ला. शेवटी निगेटिव्ह जोडा.

आता गरम इंजिनही पहिल्या चावीत सुरू होतं. नवा स्टार्टर उगाच घेतला.