नागपूरच्या उन्हाळ्यात सेम्परव्हायव्हम जगवताना

सेम्परव्हायव्हम हे आल्प्स, पिरेनीजसारख्या डोंगरांत खडकांच्या फटीत वाढणारं गुलाबाकृती रसाळ झाड. बर्फाखालीही तग धरतं, म्हणून लोक त्याला अमर समजून गच्चीवर भर उन्हात ठेवतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो आणि रात्रीही हवा निवत नाही. थंडी सोसणाऱ्या झाडाला ही उष्णता जड जाते.

मार्च संपता संपता कुंडी पूर्वेच्या सज्जात हलवा. सकाळचं कोवळं ऊन पुरे, दुपारी हिरवी जाळी हवीच. उन्हाळ्यात ते वाढ थांबवतं आणि पानं मिटून घेतं. ते तहानलेलं वाटून आपण पाणी घालतो, आणि नेमकं तिथेच घात होतो! गरम, ओल्या मातीत बुंधा कुजतो. माती पूर्ण कोरडी झाल्यावरच, तेही संध्याकाळी, थोडंसं पाणी द्या. कूलरच्या दमट झोतासमोर कुंडी ठेवू नका.

आपली काळी माती अजिबात नको, ती पाणी धरून ठेवते. उथळ मातीच्या कुंडीत निम्मी जाडसर रेती, थोडे विटांचे तुकडे, उरलेलं कुजलेलं खत आणि साधी माती घाला. पावसाळ्यात कुंडी छपराखाली असू द्या.

फुलून गेलेला पानांचा गुच्छ वाळला तर हळहळू नका, तो एकदाच फुलतो. बाजूला फुटलेली छोटी रोपं, म्हणजे पिल्लं, दिवाळीनंतर वेगळी करून लावा. नागपूरची थंडी त्यांना फार मानवते.