एपिक्समध्ये ऑसिलोस्कोपचा वेव्हफॉर्म कोरा येतो: माझा अनुभव

ॲक्सेलरेटरमधल्या बीम करंट मॉनिटरवरचा (कणांच्या झोताचा प्रवाह मोजणाऱ्या उपकरणावरचा) ऑसिलोस्कोप, आणि तो वाचायला एपिक्स हे यंत्रनियंत्रणाचं सॉफ्टवेअर, बेस ३.१४. ट्रिगर, टाइमबेस नीट वाचले जायचे. १०,००० बिंदूंचा वेव्हफॉर्म (सिग्नलचा आलेख) मात्र ऑपरेटरच्या स्क्रीनवर कोरा. केबल बदलली, टाइमआउट वाढवला, फरक शून्य. फार वैताग आला.

२,००० बिंदू मागितले तर लगेच आले, तिथे उलगडा झाला. प्रत्येक बिंदू डबल (दशांश संख्येचा प्रकार), त्याचे ८ बाइट, म्हणजे १०,००० बिंदूंचे एकूण ८०,०००. चॅनेल ॲक्सेसची, म्हणजे एपिक्सच्या नेटवर्क प्रोटोकॉलची, ३.१४ मधली मूळ मर्यादा १६,३८४ बाइट.

आधी वेव्हफॉर्मच्या रेकॉर्डमधलं (एपिक्समधली त्याची नोंद) नेल्म, म्हणजे कमाल बिंदूसंख्या, १०,००० आहे ना, ते पाहा. मग आयओसीच्या (उपकरणाशी बोलणारा एपिक्सचा सर्व्हर प्रोग्रॅम) स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये, आयओसी-इनिटच्या ओळीआधीच, 'एपिक्स_सीए_मॅक्स_ॲरे_बाइट्स' (EPICS_CA_MAX_ARRAY_BYTES) हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १००००० करा (स्वल्पविराम नको). आयओसी रीस्टार्ट करा. क्लायंट मशीनवरही (जिथे ऑपरेटरची स्क्रीन चालते) तेच एक्स्पोर्ट करा आणि स्क्रीन बंद करून त्याच टर्मिनलमधून उघडा. मधे चॅनेल ॲक्सेस गेटवे (दोन नेटवर्क जोडणारा प्रोग्रॅम) असेल तर तिथेही हेच. बहुतेकदा तोच राहून जातो.