महागडी स्पीकर केबल घेण्याआधी नाणं उडवा

‘क्रायोजेनिक प्रक्रिया केलेलं (म्हणजे अतिथंड करून घेतलेलं) तांबं’ वगैरे ऐकून स्पीकरच्या वायरीवर हजारो रुपये घालू नका. आधी घरीच पारखा.

१. ती केबल परत करायच्या बोलीवर आणा. सोबत तेवढ्याच लांबीची साधी २.५ चौरस मिमी तांब्याची वायर घ्या.

२. तुम्ही खोलीबाहेर थांबा. घरातल्या कुणी छापा-काटा करून वायर जोडावी, वहीत नोंदवावी आणि तुम्ही आत यायच्या आधी निघून जावं. चेहऱ्यावरूनही कळतं हो!

३. त्याच गाण्याचं तेच अर्धं मिनिट दहा वेळा ऐका. दर वेळी आधी नव्याने छापा-काटा व्हावा, आणि कोणती वायर जोडली आहे याचं तुमचं उत्तर लिहून ठेवा. आवाजाचं बटण अजिबात हलवू नका; किंचित मोठा आवाज कानाला उगाच सरस वाटतो.

दहापैकी पाच-सहा उत्तरं नुसत्या अंदाजानेही जुळतात. नऊ जुळली तरच पाकीट काढा.

वायर बदलताना अ‍ॅम्प्लिफायर बंदच ठेवा. उघडी टोकं एकमेकांना चिकटली तर तो जळू शकतो.