सेप्टिक टँकचं पाणी शेजारच्या जमिनीत? आधी रंग टाकून बघा
शेजारी म्हणतो, तुमच्या टाकीचं पाणी माझ्या जमिनीत पाझरतंय. वाद घालण्याआधी संडासात फ्लोरेसिनसारखा बिनविषारी गडद रंग ओता, भरपूर पाणी सोडा आणि काही दिवस दोघांनी मिळून त्या ओल्या जागेवर नजर ठेवा. रंग दिसला तर पाणी तुमचंच. नाही दिसला तरी लगेच निश्चिंत होऊ नका. मातीतून पाणी फार हळू सरकतं.

टाकी उपसताना बाहेर जाणाऱ्या पाइपाकडे जरूर पाहा. तिथून पाणी उलट टाकीत येत असेल, तर शोषखड्डा तुंबलाय. नुसत्या उपशाने ते दुखणं जात नाही.

पाइप शेजाऱ्याच्या हद्दीतून जात असेल, तर परवानगी लेखी घ्या आणि नोंदवा. तोंडी शब्द जमिनीचा नवा मालक पाळेलच असं नाही.